बाळीचं वाक्य

या घरात लोकशाही आहे, इथे प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे, असं दादा आल्यागेल्याला अभिमानानं सांगत असे. हक्क त्याच्या धाकट्या बहिणीलाही होता. फक्त तिचं वाक्य संपेपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती.

बहीण चौतीस वर्षांची असली तरी घरात ती बाळीच. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय आणि जीभ तिचं ऐकत, पण कचेरीतल्या कारकुनासारखे, साहेब घाई करू लागला की जास्तच अडून बसत. डोकं मात्र लख्ख. एका बोटानं संगणकाच्या कळा दाबत ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि भल्याभल्या लेखकांची लाज राखायची.

तिनं ‘म’ म्हटलं की आई पाणी आणी, वहिनी पंखा वाढवी आणि दादा चाकाची खुर्ची न्हाणीघराकडे वळवी. सगळं प्रेमापोटी. प्रेमाला कान नसतात, हात मात्र भरपूर.

त्या दुपारी ही पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाच्या संपादकबाई स्वतः घरी आल्या. बाळीनं रोज कार्यालयात येऊन काम करावं, ने-आण करायला गाडी पाठवू, असं त्या म्हणाल्या. आईनं सांगितलं, तिला दगदग सोसत नाही, परकी माणसं आवडत नाहीत, घरातच रमते ती. बाळीला आपल्याबद्दलची ही माहिती नवीनच होती.

ती म्हणाली, “म...”

पाणी आलं. तिनं ओठ मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. वहिनीनं पुसलं.

“मला...”

“दमली,” दादा म्हणाला. “पडायचंय तिला.” ब्रेक निघाला, खुर्ची वळली आणि बाळीसमोर संपादकबाईंच्या जागी कपाट आलं. खुर्ची आतल्या खोलीकडे निघाली. बाळीचा हात एरवी पाठवावा तिकडे कधी जात नसे. आज गेला, थेट चाकात. बोटं चेंगरली, पण खुर्ची थांबली.

आरडाओरडा झाला. संपादकबाई उठून तिच्यासमोर येऊन बसल्या. “थांबा जरा सगळे. बोलू द्या तिला.”

थांबायची कुणाला सवय नव्हती. दादा घड्याळ बघू लागला. आईचे ओठ आपोआप हलत होते.

“मला... ही नोकरी... हवी... आहे.”

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती स्वच्छ बोलली पोर, म्हणाली. वहिनीनं फोन काढला आणि मावशींना पाठवायचंय, तेच पुन्हा एकदा म्हण, असा आग्रह धरला. सराव हवा, सराव, हे आपण आधीपासून सांगत होतो, असं दादानं सांगितलं.

संपादकबाईही खूश झाल्या. “मग ठरलं तर. सोमवारपासून येईल ना ती?”

प्रश्न आईला होता. आईनं थोडा विचार केला. सोमवारी नाही जमायचं, म्हणाली. सोमवारी तिचे केस धुवायचे असतात.