ओळख पटेपर्यंत

रईसाने पुन्हा थाप मारली. आतली पावलं दाराशी येऊन थांबली.

"कोण आहे?"

"अगं मी! आई आलेय तुझी."

मग तोच बारीक आवाज, एकदम शहाण्यासारखा.

"मावशी आंघोळ करतेय. तुम्ही नंतर या."

रईसाला हसूच फुटलं. पायरीवर बहिणीचे गमबूट नव्हते, म्हणजे अगाफिया अक्रोड वेचायला गेलेली आणि भरदुपारी सात वर्षांची सांदा घरात एकटी. पण एकटी आहोत हे परक्याला सांगायचं नाही, हे रईसानेच तर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. चार वर्षं इटलीत एका म्हातारीची सेवा करताना दर रविवारी तिच्या घरचा फोन तासभर वापरायला मिळायचा. त्यातला अर्धा वेळ ह्यातच जायचा. कुणी आईचं नाव सांगितलं तरी दार उघडायचं नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही, नकला करणारे हल्ली कमी नाहीत. आपल्या दोघींनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. मोल्दोवातल्या त्या गावात निम्म्या पोरांच्या आया अशाच लांब होत्या.

"हुशार गं माझी बाय! विचार काय विचारायचं ते."

"काल रात्री मला कुठली गोष्ट सांगितलीत?"

काल रात्री रईसा हंगेरीच्या सीमेवर बसमध्ये अवघडून बसली होती.

"काल कुठे बोललो आपण? रविवारी बोललो ना."

"आई रोज बोलते. मी झोपताना, फोनवर."

रईसाचा हात कडीवरून खाली आला.

"रोज? काय म्हणते ती?"

"गोष्ट सांगते. आणि म्हणालीय, एक बाई येईल, बॅग घेऊन. मीच तुझी आई म्हणेल आणि लांब घेऊन जाईल. तिला उघडायचं नाही."

रईसाच्या पायाशी ठेवलेल्या बॅगेत सांदाची कागदपत्रं होती, परतीची दोन तिकिटं होती, एक नवा लाल कोट होता. रईसाने ती पायरीआड सरकवली.

तेवढ्यात फाटक वाजलं. अगाफिया पाठीवर पोतं घेऊन आत आली. बहीण दिसताच पोतं तिच्या हातून सुटलं.

"ताई? तू शनिवारी येणार होतीस ना?"

"रात्री पोरीशी कोण बोलतं?"

अक्रोडांच्या सालींनी काळे झालेले हात अगाफिया एप्रनला पुसायला लागली, ते पुसतच राहिली.

"तापाने फणफणली होती गं. तुझ्या नावाने नुसता आकांत. तिकडचा फोन लागेना. म्हटलं एकदाच, शेजारच्या खोलीतून तुझ्या आवाजात फोन करावा... मग ती रोजच मागायला लागली."

"आणि ती बॅगवाली बाई? ती पण तापातच सुचली?"

अगाफियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"उघडायला सांग तिला."

"सांदा, उघड गं. मी मावशी."

"नाही! ती बाई आहे तिथे. आधी तिला घालव!" आतला आवाज आता रडवेला झाला होता.

रईसाला बहिणीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या. पण आत पोर घाबरली होती.

"बोल," ती म्हणाली. "रोज रात्री बोलतेस तशी."

अगाफियाने दाराला कपाळ टेकलं. लहानपणी त्यांची सख्खी आईसुद्धा दोघींच्या आवाजात फसायची. आता रईसाला स्वतःचाच आवाज बाहेरून ऐकू आला, फक्त कधी तिलाही जमला नव्हता इतका मऊ.

"सांदू, मी आई. घाबरू नको, बाळा."

"काल कुठली गोष्ट सांगितलीस?"

"लंगड्या करकोच्याची. अर्ध्यावर झोपलीस तू."

अडसर लगेच सरकला. उंबऱ्यात सांदा उभी होती, हातात लाटणं घट्ट धरून. तिने मावशीकडे पाहिलं, रईसाकडे पाहिलं, मग दोघींच्या मधून सबंध अंगणावर नजर फिरवली.

"आई कुठंय?"

अगाफियाने मान खाली घातली. रईसाने बोलायला तोंड उघडलं आणि आपल्या आवाजाने पोर दचकेल म्हणून मिटून घेतलं.