विकाऊ घराचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. मित्रांनो, कोयंड्याला लोंबकळणारे, येताजाता कोणीही हिसका द्यावा असले कुलूप नव्हे. दाराच्या लाकडात खोल बसवलेले, पितळी तोंडाचे. माझे एक तोंड रस्त्याकडे, दुसरे बैठकीच्या खोलीकडे. पायरीवर माणूस काय बोलतो ते मला ऐकू येते आणि तोच माणूस आत येऊन खुर्चीवर बसला की काय बोलतो, तेही. एवढे ऐकल्यावर स्वभाव संशयी होणारच.

एका छोट्या कारखान्यात कानशीने घासून घासून मला आकार दिला गेला. पुढे एका गवंड्याने मला विकत घेतले. उताराच्या रस्त्यावर, बेकरीला लागून, त्याने स्वतःच्या हातांनी घर बांधले होते आणि त्याच्या दारात मला बसवले. त्याला दोन मुले. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकट्याला धाकटाच. शाळेतून आल्यावर किल्ली कोणी फिरवायची, यावरून दोघे माझ्यासमोर भांडत. सुट्टीच्या दिवशी गवंडी माझ्या तोंडात तेलाचे थेंब सोडी आणि पाहुण्यांना म्हणे, "याच्या जिवावर मी निर्धास्त झोपतो." मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग गवंडी गेला, मागोमाग त्याची बायको गेली. ताई इस्पितळात परिचारिका झाली आणि त्याच घरात राहिली. धाकट्याने नदीपलीकडे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज टाकले आणि तिकडेच संसार थाटला. मला तेल घालायचे कोणाच्या लक्षात राहीना. एका रंगाऱ्याने तर दार रंगवताना माझे अर्धे तोंडच बुजवून टाकले.

ताईचे गुडघे कुरकुरू लागले. झोपायची खोली वर, न्हाणीघर खाली. शेवटी घर विकायचे असे बहीणभावांनी फोनवर ठरवले. घर दोघांच्या नावावर होते. त्यानंतर त्यांचे एकमत असे कशावरच झाले नाही.

पहिल्यांदा एक दलाल आला. अत्तराचा घमघमाट आणि तोंडात साखर. आत बसून तो ताईला म्हणाला, "बाजार पडलाय हो, ताई. आणि तुमच्या भावानं तर मला सांगितलंय, मिळेल त्या किमतीला काढा."

ताईचा चेहरा उतरला.

तो बाहेर पायरीवर आला आणि त्याने लगेच धाकट्याला फोन लावला. "काय सांगू तुम्हाला! तुमची बहीण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते. तिला घर विकायचंच नाहीये. फुकटात राहायला मिळतंय ना!" दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला तो त्याच पायरीवर म्हणाला, "बाई एकट्या, भाऊ घाईत. जरा ताणून धरा. घर तुमचंच समजा."

सगळेच दलाल असे असतील, असे मी म्हणत नाही. माझ्या नशिबी हा आला.

ताई कामावर असताना घर दाखवता यावे म्हणून तिने त्याला एकदा आपली किल्ली दिली. संध्याकाळी त्याने ती इमानदारीने परत केली. पण पुढच्याच आठवड्यात, ती इस्पितळात असताना, माझ्या तोंडात एक नवीकोरी किल्ली शिरली. कडा अजून धारदार होत्या, आत ओरखडे पडले. मित्रांनो, किल्ली जुळली की कुलपाला उघडावेच लागते, मग ती फिरवणारा हात कोणाचाही असो. दलाल दोन माणसांना घेऊन आत गेला. वर ताईचे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी तिच्या पलंगावर बसून गादी दाबत असल्याची करकर ऐकू आली.

घरी आल्यावर ताईला पडदा सरकलेला दिसला. दुसरी किल्ली फक्त धाकट्याकडे होती. तिने फोन उचलला. "मी नसताना घरात येतोस का रे?"

त्याचे उत्तर मला ऐकू आले नाही, पण ताईने फोन आपटला. त्यानंतर बहीणभावाच्या नात्याच्या बिजागऱ्याच गंजल्या म्हणा ना. कित्येक महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

इस्पितळातल्या मेट्रनने ताईला एका वकीलबाईंचे नाव सुचवले. या बाई घराची कागदपत्रे तर बघतच, पण दलालाला बाजूला ठेवून घर विकायचे सगळे कामही करत. जाहिरात त्यांची, गिऱ्हाइकांचे फोन त्यांच्या कचेरीत, घर दाखवायला त्या स्वतः. मला हे मुळीच आवडले नाही. एकाच माणसाच्या हातात सगळे? अत्तर नव्हते एवढेच, बाकी भरवसा कसला!

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "किल्ल्या किती आहेत आणि कोणाकडे?"

"दोन. एक माझ्याकडे, एक भावाकडे."

तीन! मला ओरडायचे होते. पण कुलपाचा आवाज किल्लीशिवाय निघत नाही.

मग त्यांनी धाकट्यालाही बोलावून घेतले. दोघे खोलीच्या दोन टोकांना बसले, जणू मध्ये नदी वाहतेय. वकीलबाई म्हणाल्या, "मी तुमच्या दोघांचं काम करीन. पण एकानं सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवणार नाही. जो भाव येईल तो दोघांनाही एकदमच कळेल. हे चालत नसेल तर आपापला वेगळा वकील बघा."

धाकटा हसला. "म्हणजे दलालाच्या ऐवजी तुमची धन, एवढंच ना?"

"माझी फी ठरलेली आहे. घर महाग गेलं काय, स्वस्त गेलं काय."

मग तर माझा संशय आणखी बळावला. जिला चांगल्या किमतीचा फायदाच नाही, ती कशाला जिवाचे रान करील?

बाईंनी पुढे एक विचित्र प्रश्न विचारला. "या घरात असं काय आहे, जे घेणाऱ्याला कळू नये असं तुम्हाला वाटतं?"

धाकट्याने नकळत स्वयंपाकघराकडे पाहिले. शेवटी ताईच म्हणाली, "स्वयंपाकघराची तुळई बेकरीच्या भिंतीत घुसवलेली आहे. बाबा आणि शेजारचे म्हातारे, दोघांच्या बोलण्यावर झालं ते. दलाल म्हणाला होता, तोंडातून ब्र काढू नका."

"आपण ते सर्वांत आधी सांगायचं," वकीलबाई म्हणाल्या आणि उठून बेकरीत गेल्या. परत आल्या त्या बेकरीवाल्याला घेऊनच. त्याचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तो म्हणाला, "तुळई राहू दे. पण भिंत माझी आहे हे येणाऱ्याला आत्ताच सांगा. मागाहून मला कोणी अक्कल शिकवायला नको." बाईंनी तसे लिहून घेतले.

पहिले गिऱ्हाईक तुळईचे ऐकून जे गेले ते फिरकलेच नाही. दुसऱ्याचेही तेच. ताई संतापली. "तुम्ही माझ्या वकील आहात की त्यांच्या?"

"तुमचीच. उद्या त्यांना भिंत बघून कळलं, तर ते तुम्हाला कोर्टात खेचतील. तेव्हा तुमचा दलाल येईल का शेजारी उभा राहायला?"

ताईला ते पटले नाही. मलाही नाही.

मग एक बसचालक आणि त्याची बायको आली. बसचालक माझ्याहून संशयी निघाला. प्रत्येक भिंत ठोकून तो बायकोला हळूच म्हणाला, "एवढा दोष आपणहून सांगतात, म्हणजे याहून मोठा कुठंतरी दडवलाय!" बायको सरळ बेकरीत गेली, बेकरीवाल्याशी बराच वेळ बोलली आणि येऊन म्हणाली, "तोही तेच सांगतोय. शब्दाला शब्द जुळतोय." त्यांनी आपला वकील आणला. त्याने आठवडाभर सगळे उलटेपालटे करून पाहिले. वकीलबाईंनी त्यांची किंमत ताई आणि धाकट्याला समोरासमोर बसवून सांगितली, आणि दोघांनी मान डोलावली.

सह्यांचा दिवस ठरला. ताईच्या गुडघ्यांमुळे सगळे घरीच जमले. बहीण, भाऊ, बसचालक, त्याची बायको, दोन्ही वकील आणि पिठाचे हात पुसत आलेला बेकरीवाला. दार लावून घेतले होते. कागद वाचून दाखवणे चालू होते, इतक्यात माझ्या तोंडात ती धारदार किल्ली शिरली.

मी कधी नव्हे इतक्या झटकन उघडलो.

"या, या, आरामात बघा," दलाल मागच्या माणसाला सांगत आत आला. "मालकीणबाई कामावर असतात, कोणी नाही—"

सात जणांनी त्याच्याकडे पाहिले. मागचा माणूस पायरीवरूनच परत फिरला.

"किल्ली टेबलावर ठेवा," वकीलबाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही.

त्याने किल्ली ठेवली, काहीतरी पुटपुटला आणि निघाला. धाकटा त्याच्यामागे उठला होता, पण ताईने त्याची बाही धरली. ती टेबलावरच्या किल्लीकडे पाहत होती.

"म्हणजे तेव्हा तू नव्हतास."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो. सांगितलं होतंस." मग तिने विचारले, "आणि मिळेल त्या किमतीला काढा, असं म्हणाला होतास का?"

"मी? मला तर तो म्हणाला, तुला विकायचंच नाहीये! तू फुकटात राहतेस म्हणून!"

ताईला हसू फुटले, आणि त्याच दमात डोळे भरून आले. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो तसा स्वच्छच होता.

बसचालकाची बायको मात्र माझ्याकडे रोखून पाहत होती. "या कुलपाच्या आणखी किती किल्ल्या गावभर फिरतायत, कोणाला ठाऊक? हे आधी बदला." वकीलबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. मीही हेच सांगणार होते." आयुष्यभर मी जगावर संशय घेतला, आणि अखेरीस संशय आला तो माझ्यावर! मित्रांनो, मनाला फार लागले. पण त्या बाईच्या जागी मी असतो, तर मीही हेच केले असते.

धाकट्यानेच मला दारातून काढले. गॅरेजमध्ये नेऊन त्याने माझ्या पोटातले सगळे सुटे केले, घासले, आतली रचना बदलली, तोंडावरचा रंग खरवडला आणि ताईच्या नव्या, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या दाराला मला बसवले. जुन्या किल्ल्या आता माझ्या काही कामाच्या नाहीत. तो बऱ्याच रविवारी येतो. कधीकधी अजूनही भांडतात, पण समोरासमोर, आणि मग तोच उठून चहा टाकतो.

खरे सांगायचे तर वकीलबाईंवर अजून माझा पुरता विश्वास बसलेला नाही. इतका सरळ माणूस असतो, हे पचायला वेळ लागतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या दारातल्या मुक्या कुलपाला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि आपल्या माणसाबद्दल संशय आला तर तो आतल्या आत गंजत ठेवू नका. त्याला बोलवा, समोर खुर्ची द्या आणि विचारा. उत्तर कडू असेल, पण निदान ते त्याच्याच तोंडचे असेल.