ओट्यावरची सुरी

माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा भिंतीवर फोटो असता, तर एक वेळ मी चालवून घेतलं असतं. फोटोवरची धूळ पुसायची, बाजूने जायचं, विषय संपला. पण तो माणूस स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठाण मांडून बसला होता. त्याने घरीच ठोकून केलेली एक काळी, बुटकी सुरी होती, आणि आमचं लग्न झाल्यापासून माझ्या ताटात जे जे पडलं ते सगळं त्या सुरीखालून आलेलं होतं.

तो वेल्डर होता. जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे मला कळतं, पण कळून उपयोग होत नाही. त्याच्याबद्दल बोलताना ती 'ते' म्हणते आणि मला 'तू', हेही मला खुपतं. एकदा तसं तिला बोलून दाखवलं तर ती इतकी हसली की पुन्हा तो विषय काढायची सोय राहिली नाही.

मी चष्मेवाला. काचा घासण्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही. मग लोखंडाचं काय एवढं, असं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी मागच्या शेडमधली अडगळ बाहेर काढली.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी एक चांगली सुरी करणार आहे."

"आहे की घरात," ती म्हणाली.

इथेच माझं डोकं फिरलं.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला माझा जुना दोस्त. त्याने ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा दिला, ब्रेकचा एक जुना ड्रम दिला आणि न मागता भरपूर सल्ले दिले. ड्रमच्या बुडाला लोखंडी नळी बसवली, नळीच्या तोंडाला बायकोचा हेअर ड्रायर लावला, वर कोळसा रचला, झाली भट्टी. ऐरण म्हणून भंगारातून रुळाचा तुकडा आणला आणि ओंडक्यावर पक्का ठोकला. हातोडा घरचाच, पकड गॅरेजमधून उसनी. चामड्याचा एप्रन मात्र मी नवा कोरा घेतला. तो घालून उभा राहिलो तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "थाट तर झाला, आता लोखंडालाही जरा घाबरव."

लोखंड काही घाबरलं नाही. पहिल्या दिवशी मी भट्टी अंगणात, भर उन्हात पेटवली. उन्हात तापल्याचा रंग नीट दिसत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लाल कधी झालं, पांढरं कधी झालं, पत्ताच नाही. सुरीचं टोक ठिणग्या उडवत माझ्या डोळ्यांदेखत जळून गेलं. मग भट्टी शेडमध्ये नेली, दार सताड उघडं ठेवलं आणि खिडकीवर गोणपाट टांगलं. दुसरी सुरी बरी उतरली होती, पण ती लालबुंद असतानाच मी पाण्याच्या बादलीत बुडवली. टिंग असा आवाज आला, आणि धारेपासून पाठीपर्यंत चीर.

"अरे, स्प्रिंगचं पोलाद आहे ते," गॅरेजवाला म्हणाला, "त्याला तेलात विझवायचं. बादली कसली आणतोस?"

तिसरी तेलात विझवली. ती केळ्यासारखी वाकली, आणि धूर घरभर झाला. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. 'त्यांच्या वेळी असा धूर होत नसे,' असं ती म्हणाली नाही. मला मात्र ते स्पष्ट ऐकू आलं.

चौथी जमली. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत पातं तापवलं, तेलात विझवलं, मग ठिसूळपणा जावा म्हणून ओव्हनमध्ये मंद भाजलं, वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंत. पात्याची डावी बाजू सपाट ठेवून उजव्या बाजूने धारेला उतार दिला, म्हणजे चिरलेलं पात्याला चिकटत नाही. मूठ तर मी इतकी घासली की गिऱ्हाइकांनी पाहिलं असतं, तर आपल्या काचा कधी एवढ्या घासल्या नाहीत म्हणून त्यांना माझा राग आला असता. कांदा चिरून बघितला. जसा हवा तसा.

बायकोने सुरी हातात घेतली. "छान झाली रे," म्हणाली आणि लगेच काकडी चिरायला घेतली. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. तोंडावर काही उमटेना. खाली पाहिलं तर काकडीच्या चकत्या एका कडेला जाड, एका कडेला पातळ.

"सवय नाही ना अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझी सुरी खणात होती, आणि ओट्यावर पुन्हा 'ते'.

ती कामावर गेल्यावर मी ती काळी सुरी उचलली, शेडमध्ये नेली आणि चोराची झडती घ्यावी तशी तपासली. काय सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! कानस पात्यात सहज रुतत होती, म्हणजे पोलाद मऊ. पातं जरासं वाकडं. मुठीच्या दोन खिळ्यांची मापं वेगवेगळी. आणि कळस म्हणजे, उतार चक्क उलट्या बाजूला! मी सुरी कागदात गुंडाळली आणि तसाच गॅरेजवर गेलो.

"हा म्हणे वेल्डर," मी म्हटलं. "धार कुठल्या बाजूने काढायची तेही कळलं नाही गड्याला." आणि त्याच्या डब्यातला टोमॅटो चिरून दाखवला. पातं तिरकं पळालं.

गॅरेजवाल्याने सुरी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि डाव्या हातात धरली. टोमॅटो सरळ कापला गेला.

"डावखुरा होता का तो?"

"मला काय माहीत? मी काय त्याच्या पंगतीला बसलो होतो?"

"मग घरात डावखुरं कोण आहे?"

"कोणी नाही. ही तर सहीसुद्धा उजव्या हाताने करते."

त्याने सुरी पुन्हा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "घरी जाऊन एकदा बघ. गावभर लोकांचे डोळे तपासत फिरतोस."

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती बटाटे चिरत होती. डाव्या हाताने.

"असा काय बघतोस?"

"तू डावखुरी आहेस?"

"आत्ता कळलं?" ती हसली. "शाळेत पट्ट्या मारून मारून लिहायचा हात बदलला. चिरायचा कोणी बदलला नाही, तो राहिला."

"त्याला माहीत होतं?"

"त्यांना? अरे, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात. म्हणाले, चिरताना तू मान वाकडी करतेस."

पहिल्याच आठवड्यात! मी तिथून निघालो आणि शेडमध्ये जाऊन बसलो. त्या वाकड्या पात्याचा, त्या मऊ पोलादाचा मला भयंकर हेवा वाटला. त्याने तिचा हात बघितला होता. मी तिचं तोंड बघत बसलो होतो, कौतुक कधी करते म्हणून.

पाचवी सुरी करायला मी घाई केली नाही. ती चिरत असताना रोज शेजारी जाऊन उभा राहायचो. मनगट किती वळतं, बोटं कुठे टेकतात, सगळं पाहून घेतलं. उतार डाव्या बाजूने दिला, मूठ तिच्या पंजाला बसेल अशी बारीक केली.

काकडीच्या चकत्या एकसारख्या पडल्या. ती थांबली, पुन्हा चार चकत्या कापल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढ्या दिवसांच्या धुराचं सार्थक झालं.

"आता रोज हीच," ती म्हणाली.

तिने काळी सुरी उचलली, धुतली, कोरडी केली, पात्याला तेलाचं बोट लावलं आणि मऊ फडक्यात गुंडाळली. मी जिंकलो होतो. आनंद लपवत विचारलं, "भंगारात द्यायची का?"

"वेडा आहेस का! रोज धार लावून लावून निम्मी झिजली रे ती. एक दिवस संपून जाईल म्हणून मला धास्तीच वाटायची. तू केलीस ते फार बरं झालं. तुझी वापरायला काही वाटत नाही."

ती झोपायच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. तिने कपाट उघडलं, ठेवणीतल्या कपड्यांच्या घड्या उचलल्या, खाली ते फडकं ठेवलं, वरून कपड्यांवर हात फिरवला आणि किल्ली लावली.

ते कपाट आमच्या पलंगाला लागूनच आहे. माझ्या बाजूला.