कॅश साफ

"कॅश साफ करा म्हणजे? अहो, तीस वर्षं मी हा गल्ला जपला, आणि तुम्ही फोनवरून मला चोरी शिकवताय?"

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या कॅशियरकाकांचा आवाज असा चढला, की डबा घेऊन आलेली त्यांची बायको दारातच थबकली.

पलीकडे कॉम्प्युटरवाला खो खो हसत होता. "काका, ही कॅश वेगळी! एकदा पाहिलेलं पान कॉम्प्युटर पोटात साठवतो आणि तेच शिळं परत वाढतो. ते साठवलेलं पुसायचं."

काकांना हसू येईना. तीन दिवस पडद्यावर अक्षरं एकमेकांच्या उरावर बसली होती आणि खाली आजच्या नाटकाच्या सगळ्या खुर्च्या पांढऱ्याफटक, म्हणजे एकही विकलेली नाही. लेक पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत होती. तिनं बुकिंगचं विचारलं की काका "होतंय हळूहळू" म्हणायचे. लोक आता मोबाइलवरच तिकीट काढतात. खिडकीशी काळं कुत्रं फिरकलं नव्हतं.

"वर तीन ठिपके आहेत ना, ते दाबा. आता हिस्टरी. आता क्लिअर."

काकांनी जीव मुठीत धरून बटण दाबलं. पान पांढरं झालं आणि वरून भरत आलं. अक्षरं शहाण्यासारखी आपापल्या ओळीत बसली. मग खुर्च्या आल्या. पहिली रांग लाल. दुसरी लाल. बाल्कनीसुद्धा लाल!

"अगं, बघ! बघ तरी!" काका उठले तशी खुर्ची मागे कोसळली. "आपली पोरगी हाऊसफुल्ल!"

बायको डबा छातीशी धरून हसत सुटली, डोळे भरून आले तरी हसतच राहिली. काकांनी कपाटामागची 'हाऊसफुल्ल'ची पाटी काढली, स्वतःच्या बाहीनं पुसली आणि खिडकीवर टांगली. आजवर ती दुसऱ्यांच्या लेकरांसाठी टांगली होती.

"आणि आपली दोन तिकिटं कुठली हो?" बायकोनं विचारलं.

काकांचं बोट पडद्यावर फिरत राहिलं. 'सगळं रिकामंच आहे, ऐनवेळी घेऊ' असं तेच म्हणाले होते. कोपऱ्यातली खुर्चीसुद्धा उरली नव्हती. आणि तिकिटाशिवाय आत कुणालाही सोडायचं नाही, हा नियम राबवणारेही तेच.

"चुकलंच माझं," ते हळूच म्हणाले.

"चुकू दे," बायको म्हणाली. "अशी चूक रोज होवो."

इतक्यात खिडकीशी एक गृहस्थ वाकले. "पाटी दिसली, पण दोन कुठे जमतील का?"

"एकही नाही हो," काकांनी छाती फुगवून सांगितलं. "तिच्या आईबापांनासुद्धा मिळालं नाही!"