पडद्यावरच्या रेणुका

बायको रेणुका गेल्याचा फोन आला त्या दिवशी देवानंद अमडापूरच्या आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात विहिरीची मोटर उघडून बसला होता. शाळेत शिकवता शिकवता ती खाली पडली होती आणि चिखलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानं फोन ठेवला आणि मोटरमधली जळकी तार ओढत राहिला. शेजारच्या भागवतनं येऊन हात धरला, तेव्हा कुठं तो उठला.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. घरात राहिली आठवीतली मुलगी महामाया, देवानंदची आई चांगुणा आणि रेणुकाच्या लॅपटॉपमधला एक अर्धवट गेम. मायलेकी मिळून तो करत होत्या. खांद्याला पिशवी, हातात छत्री, शाळेला निघालेली बाई, असं चित्र रेणुकानं स्वतः काढलं होतं. बाई म्हणजे तीच, फक्त नाक जरा सरळ केलेलं. गेममधल्या अशा हलत्या चित्राला स्प्राइट म्हणतात, हे महामायानं बापाला सांगितलं होतं. बटन दाबत बाईला पुढं न्यायचं आणि म्हशी चुकवत शाळेत पोचवायचं. सोमवारी मेहकरला विज्ञान प्रदर्शन होतं आणि दोघींची नावं आधीच दिलेली होती.

रविवारी सकाळी महामायानं बटन दाबलं. बाई पुढं सरकली, पण मागच्या जागेवरची गेली नाही. पुन्हा दाबलं, आणखी एक उमटली. बघता बघता छत्र्यांची रांग लागली. पडदाभर रेणुकाच रेणुका.

"माय वं," चांगुणा म्हणाली, "एवढ्या सुना मले झेपाच्या नाहीत." हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

"चुकलं, बाबा," महामाया म्हणाली. "दर वेळी आधी पडदा रंगवून पुसा लागते, मंग नव्या जागी चित्र काढा लागते. प्रोग्राममधी पुसाची ओळ राह्यली."

"पुसाचं काऊन? दिसते ना ती."

"यातली खरी कोणती? म्हशीले कोण धडकली, कसं कळन? तुम्ही जुनी तार काढल्याबिगर मोटरमधी नवी भरता काय?"

तिनं ओळ टाकली, गेम चालवला. पडदा हिरवागार. बाई कुठंच नाही.

"कुठी गेली? काय केलं वं तू?" देवानंद पडद्याजवळ वाकला.

"ओळ चित्राच्या ओळीखाली पडली. चित्र आधी निघालं अन् त्याच्यावरून रंग बसला. ती हाय बाबा, फाइलमधी हाय." तिनं घाईनं ओळ काढली. बटन दाबत गेली तशी रांग परत उभी राहिली, आणि देवानंद मागं टेकला.

महामायानं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "आता वरच्या जागी टाका लागते. माह्याच्यानं नाही होत. तुम्ही टाका, मी सांगते."

"अन् पुन्हा गेली तं?"

"तं ओळ काढू."

"काढल्यावरही नाही आली तं?"

त्यानं बोट बटनावर ठेवलं, उचललं, पँटला पुसलं, पुन्हा ठेवलं.

"उद्या सकाळचीच गाडी हाय, लेका," चांगुणा म्हणाली.

"माहीत हाय, माय."

दुपार झाली. पडदा पुसायची ओळ अजून टाकलेली नाही.