आरोही मोठी झालीय

"हिला पाळी सुरू झाली का?"

डॉक्टर मॅडमनी विचारलं. भार्गवी तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या सासूबाई, सावित्रम्मा, खुर्चीतून पुढं सरकल्या. "न्हाई हो मॅडम. लहान हाय अजून."

चौदा वर्षांची आरोही आईकडं बघायला लागली. गेल्या श्रावणातच तिला पाळी आली होती. पण मुलीला पाटावर बसवून, हळद लावून, नवी परकर-ओढणी नेसवून भावकीतल्या बायकांना जेवू घातल्याशिवाय ती मोठी झाली असं त्यांच्या घरात कुणी म्हणत नसे. आधी मुहूर्त लांबला, मग मानेत गाठी आल्या, आणि कार्य राहूनच गेलं.

"मग स्त्रीबीजं गोठवून ठेवता येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हा कॅन्सर या वयात बहुतेक बरा होतो. पण हिला जी औषधं लागणार आहेत, त्यांनी पुढं मूल होणं अवघड होऊ शकतं. लहान मुलींसाठी ऑपरेशनचा उपाय आहे, तो इथं होत नाही. सोमवारी केमो सुरू करू."

भार्गवी बी.कॉम. झालेली. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचणारी, थर्मामीटर उशाशी घेऊन झोपणारी. पण सासूबाईंच्या मागोमाग ती फाईल उचलून तशीच बाहेर आली.

बाहेर बाकावर आरोहीनं हळूच विचारलं, "अम्मा, नानम्मा खोटं का बोलली? मला कधीच बाळ होणार नाही का?"

"तू गप गं," सावित्रम्मा म्हणाल्या. "जीव वाचू दे आधी. आन् कार्य न झालेल्या पोरीचं असलं बाहेर सांगत्यात व्हय? उद्या सगळ्या भवानी पेठेत बोभाटा होईल."

"होऊ दे की!" भार्गवी उठून उभी राहिली. बाकावरचे लोक वळून बघायला लागले. "पाटावर बसवायचं राहिलं म्हणून तिचं शरीर काय थांबून बसलंय का, अत्तम्मा?"

दार न वाजवताच ती आत शिरली. "मॅडम, आरोही मोठी झालीय. पाळी नियमित आहे. मघाशी बोलायला घाबरले मी."

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, मग आत्ता सांगितलंत तेच बरं केलंत! हिच्या आजारात दहा-बारा दिवस थांबता येईल. रोज इंजेक्शन, मग भूल देऊन बीजं काढायची. मूल होईलच अशी हमी मी देत नाही. पण संधी राहते."

"तेवढी पुरे," भार्गवी म्हणाली.

सावित्रम्मा दोन दिवस दवाखान्याकडं फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आरोही सुई बघून रडकुंडीला आली, तेव्हा त्या घरच्याच मागावर विणलेल्या टॉवेलात बर्फ गुंडाळून घेऊन आल्या. "हितं धर गं पोटावर. कमी दुखतंय." मग रोज त्याच धरत गेल्या.

बीजं निघाली, गोठवून ठेवली गेली. केमो सुरू झाली, केस गेले, उलट्यांनी पोरगी अर्धी झाली. आणि एका सकाळी मॅडमनी स्कॅनचे फोटो उजेडात धरून सांगितलं, "गाठी गेल्या!" भार्गवी तिथंच खुर्चीत रडली, मग हसली, मग तिनं मॅडमना फोटो पुन्हा एकदा बघायला लावले.

कार्याचा मुहूर्त सावित्रम्मांनीच धरला. आरोही पाटावर बसली. डोक्यावर बोटभर केस, गजरा टिकेना. शेवटी भार्गवीनं तो हेअरबँडला गुंडाळून बसवला.

"केस तरी वाढू द्यायचे की," शेजारच्या अक्कम्मा कुजबुजल्या. "एवढी घाई कशाला?"

"वाढतील की!" सावित्रम्मा अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा कडाडल्या. "आन् ऐक, आमच्या पोरीची बीजं दवाखान्यात जपून ठेवलीत. हायत का तुझ्या नातीची?"

"नानम्मा, बास की गं!" आरोहीनं ओढणीत तोंड लपवलं.

भार्गवीचा हात सवयीनं लेकीच्या कपाळाकडं गेला. कपाळ गार होतं. तिनं त्यावर हळद लावली, भरपूर, नाकापर्यंत ओघळेल इतकी.