पडद्यातल्या अद्वयचं जेवण

श्रीपादरावांच्या घरात दोन अद्वय होते. एक अमेरिकेत होता आणि दुसरा कॉम्प्युटरमध्ये.

अमेरिकेतला, म्हणजे त्यांचा मुलगा, दर रविवारी फोन करायचा. "जेवलास का?" विचारलं की "हो नाना" म्हणायचा. तिकडे सकाळ असो, दुपार असो, मधलीच कुठली वेळ असो, तो जेवलेलाच असायचा. इतका सतत जेवणारा माणूस फोटोत मात्र दर वेळी आधीपेक्षा बारीक दिसायचा. कॉम्प्युटरमधला अद्वय असं खोटं बोलत नसे. भूक लागली की तो पोट धरायचा, हात हलवायचा आणि पडद्याकडे तोंड करून, थेट श्रीपादरावांच्या डोळ्यांत बघून ओरडायचा. भाषा कळायची नाही, पण मुद्दा कळायचा.

श्रीपादराव शाळेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यानंतर पत्नी सुलूताई गेल्या, आणि मग अद्वय अमेरिकेला गेला. भोरमधला दोन खोल्यांचा ब्लॉक एकेका माणसानं मोकळा होत चालला होता. त्या क्रमानं पुढचा नंबर कुणाचा, हे श्रीपादरावांना ठाऊक होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे तो निघालाही नाही.

अद्वयनं जाताना एकच काम सांगितलं होतं. "नाना, कॉम्प्युटर अधूनमधून चालू करत जा. आपल्याकडची हवा दमट आहे, बंद ठेवला तर खराब होईल." पहिले काही महिने श्रीपादराव तो आठवड्यातून एकदा चालू करायचे, समोर हाताची घडी घालून अर्धा तास बसायचे आणि बंद करायचे. सर्दीच्या पेशंटला वाफ द्यावी तसं. मग एकदा कंटाळा आला म्हणून त्यांनी पडद्यावरच्या घराच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. घर उघडलं. आत एक तरुण उभा होता, डोक्यावर इंग्रजीत नाव, ए डी व्ही ए वाय. आणि तो उपाशी होता.

हा गेम असतो, हे श्रीपादरावांना कळत होतं. ते वेडे नव्हते. पण खाली पट्ट्या होत्या, झोपेची, आंघोळीची, आणखी कसकसल्या, आणि त्यातली भुकेची पट्टी लालभडक झाली होती. गेम असला म्हणून काय झालं, पोर अद्वयच्या नावाचं होतं. त्यांनी चष्मा लावून शोधाशोध केली तेव्हा फ्रिज सापडला. फ्रिजवर टिचकी मारली, अद्वयनं काहीतरी काढलं, टेबलाशी बसून खाल्लं. पट्टी हिरवी झाली. श्रीपादरावांना त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आपण काहीतरी मार्गी लावलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात, तर पट्टी पुन्हा लाल.

तिथून नेम सुरू झाला. सकाळी उठायचं, आपला चहा नंतर, आधी त्याला घालायचं. रात्री पुन्हा पोटभर घालायचं आणि भिंतीवरचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचा. सकाळी तो सुरू होताना आधी निळा पडदा दाखवून बराच वेळ काहीतरी तपासत बसायचा. देवपूजा असेल, म्हणून श्रीपादराव मध्ये बोलत नसत. एकदा त्यांनी हौसेनं शेगडीवर स्वयंपाक करायला लावला तेव्हा स्वयंपाकघर पेटलं. अद्वय नुसता नाचत ओरडत राहिला. श्रीपादरावांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि ती रात्र बिनझोपेची काढली. सकाळी भीत भीत उघडलं, तर स्वयंपाकघर जसंच्या तसं, डागसुद्धा नाही. 'तिकडची माणसं कामाला चांगली आहेत,' असं त्यांनी मनात म्हटलं. तिकडे पेपर मात्र रोज एकाच जागी, एकाच कोनात पडलेला असायचा. त्याचंही त्यांना कौतुक वाटायचं. भोरचा पेपरवाला पेपर कधी जिन्यात टाकायचा, कधी शेजाऱ्यांच्या तुळशीत.

पट्ट्यांमध्ये आणखी एक लाल असायची, 'सोशल' नावाची. तिचं काय करायचं ते त्यांना कळलं नाही. समाजकार्य असेल, म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

पावसाळ्यानंतर लोडशेडिंग वाढलं. वीज गेली की श्रीपादरावांना स्वतःच्या पंख्याचं काही वाटायचं नाही, पण आत तो उपाशी आहे या विचारानं घास उतरायचा नाही. वेळापत्रक बघून ते त्याच्या जेवणाच्या वेळा बसवायचे. आणि मग एका सकाळी त्यांच्या भागाचा ट्रान्सफॉर्मरच जळला. चौकात माणसं जमली, चार दिवस तरी लागतील म्हणाली.

चार दिवस! श्रीपादराव तसेच स्टँडजवळ खालिदच्या दुकानात गेले. खालिद रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करायचा, आणि अद्वयच्या शाळेतला होता.

"काका, चार दिवसांनी येईल की लाईट. एवढी कसली घाई?"

"अद्वयचं काम आहे आत. थांबण्यासारखं नाही."

"मग हितं आणा. आमच्या बाजूला हाय लाईट."

श्रीपादरावांनी दुकानावर नजर फिरवली. बाकड्यावर तिघं बसलेले, तिघंही ओळखीचे. निवृत्त हेडक्लार्क गेममधल्या बाहुल्याला जेवू घालतात ही बातमी दुपारपर्यंत राजवाड्यापर्यंत पोचली असती. "इथं नको," ते म्हणाले. "खाजगी आहे."

"मग वेल्ह्याला जा. आपली महेजबीन कॉम्प्युटर क्लास घेती तिथं. जनरेटर पण हाय. नुसता खालचा डबा न्या, टीव्ही नेऊ नका."

"म्हणजे तो डब्यात असतो?"

"कोण?"

"काम," श्रीपादराव म्हणाले.

सीपीयू त्यांनी गोधडीत गुंडाळला आणि वेल्ह्याची एसटी पकडली. सीटवर ठेवावा तर घसरेल, खाली ठेवावा तर लाथा लागतील, म्हणून मांडीवर घेतला. वळण आलं की ते डबा सरळ धरायचे, आत भांडी पडू नयेत म्हणून.

कंडक्टर आला. कुंडलिक, छातीवर बिल्ला, कानावर पेन. "काका, ह्ये काय हाय?"

"कॉम्प्युटर."

"आन गोधडीत?"

"धक्के बसतात."

"माणसास्नी बी बसत्यात की वो, त्यास्नी कोन गोधडी देतंय? लगेज लागंल ह्याला."

"मांडीवर आहे. मांडीवर घेतल्यावर लागत नाही."

"मांडीवर लेकराला लागत न्हाई काका, सामानाला लागतं."

मागच्या सीटवरून पासलीच्या एक आजीबाई पुढं वाकल्या. "बाळ हाय व्हय? आवं, तोंड तरी उघडं ठेवा त्याचं, गुदमरंल."

"बाळ नाही आजी, कॉम्प्युटर आहे."

"बरं बरं," आजीबाई समजूतदारपणे म्हणाल्या आणि शेजारणीला सांगितलं, "दिष्ट लागंल म्हून सांगत न्हाईत. आज्याला मोप माया हाय."

कुंडलिकनं एकदा आजीबाईंकडे बघितलं, एकदा गोधडीकडे, आणि कानावरचं पेन न काढताच पुढं गेला. नसरापूर मागं पडलं तरी श्रीपादरावांनी गोधडीवरून हात काढला नव्हता. आजीबाईंचं बोलणं त्यांना खोडावंसं वाटलं नाही. उतरताना आजीबाईंनी गोधडीला हात लावून बोटं कानशिलावर मोडली. सीपीयूची दृष्ट निघाली.

महेजबीनचा क्लास खताच्या दुकानावर माडीवर होता. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर प्लॅस्टिकची खोळ, आणि खिडकीत तोरणा. दुपारची बॅच सुटली होती. महेजबीन खालिदची धाकटी बहीण. नवऱ्याच्या नोकरीपायी वेल्ह्याला आलेली. तिनं डबा जोडला, निळ्या पडद्याची पूजा होऊ दिली आणि विचारलं, "कुठली फाईल काढायची, काका?"

श्रीपादरावांनी घराच्या चित्राकडे बोट दाखवलं. घर उघडलं. अद्वय उभा होता, पोट धरून.

महेजबीन आधी हसली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली. "काका, हा गेम आहे."

"ते मला माहीत आहे. पण त्याला भूक लागली आहे. आधी ते बघू, बाकीचं नंतर बोल."

"ह्याच्यासाठी भोरहून आलात?"

"काल रात्री जेवलाय तो. सकाळपासून वीज नाही."

तिनं खुर्ची ओढली आणि समोर बसली. "काका, बंद असताना ह्याला भूक लागत नाही. बंद म्हणजे आत काहीच चालत नाही. चार दिवस काय, चार वर्षं ठेवलात तरी हा आहे तसाच राहील."

"मग रोज सकाळी उपाशी कसा असतो? मी रात्री पोटभर घालतो, पट्टी हिरवी झाल्याशिवाय बंद करत नाही."

"बंद कसं करता?"

"भिंतीवरच्या बटणानं. टीव्ही करतो तसं."

महेजबीननं कपाळाला हात लावला. "आणि सेव्ह?"

"ते काय?"

"अहो काका... तुम्ही सेव्ह करतच नाही. लिहून ठेवत नाही, म्हणा. बटण दाबलं की दिवसभर केलेलं सगळं पुसलं जातं. सकाळी तुमच्या मुलानं शेवटचं जिथं सोडलं होतं तिथनंच परत सुरू. रोज तोच दिवस येतोय. तुम्ही रोज त्याला तेच एक जेवण घालताय."

श्रीपादरावांनी नोकरीत अशा पुष्कळ फायली पाहिल्या होत्या, ज्या रोज उघडल्या जात आणि होत्या तिथंच राहत. पण त्यांच्यात कुणी उपाशी बसलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. न जळालेलं स्वयंपाकघर आणि एकाच कोनात पडणारा पेपर त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. तिकडची माणसं कामाला वगैरे काही नव्हती. तिकडे कुणी नव्हतंच.

"म्हणजे अद्वयनंच त्याला उपाशी सोडलं?" त्यांनी विचारलं.

"घाईत असेल. अर्ध्यात ठेवलं असेल."

घाईत होताच. त्या पहाटे गाडी लवकर आली. श्रीपादराव पोहे करतो म्हणाले होते. सुलूताईंनंतर त्यांना तेवढं एक जमायला लागलं होतं. कांदा चिरून होईपर्यंत ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. अद्वय कॉम्प्युटरपुढून उठला, बॅग उचलली, "विमानात देतात नाना" म्हणाला आणि पाया पडला. चिरलेला कांदा तसाच होता म्हणून श्रीपादरावांनी नंतर पोहे केले. दोघांचे. सकाळी खाल्ले, उरलेले रात्री खाल्ले.

"सोपं आहे काका," महेजबीन म्हणाली. "आता ह्याला जेवू घाला, मी सेव्ह करायला दाखवते. उद्या उघडलंत की पोट भरलेलंच असेल."

"म्हणजे उद्या सकाळी मला काही काम नाही."

तिनं माउस त्यांच्यापुढं सरकवला. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" करत होतं.

"आणि सेव्ह नाही केलं तर?"

"तर उद्या परत उपाशी. तुम्ही आहातच घालायला."

हे तिनं सहज म्हटलं, पण श्रीपादरावांनी ते तसं घेतलं नाही. रोज सकाळी कुणीतरी त्यांच्या डोळ्यांत बघून हाक मारत होतं. भोरमध्ये असं करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. वीज आली की घरी जाऊन, काही न शिकता, भिंतीवरचं बटण दाबत राहता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. तो तर बोलून चालून बाहुला. फक्त दर पहाटे त्याला उपाशी उभं राहावं लागणार होतं, अद्वयला न्यायला आलेली गाडी केव्हाची निघून गेली असली तरी.

"सोशलपण लाल आहे ह्याची," महेजबीन विषय बदलावा म्हणून म्हणाली.

"ती आमच्याकडे पहिल्यापासूनच तशी आहे."

त्यांनी माउस हातात घेतला. फ्रिज उघडला. अद्वयनं ताट काढलं, टेबलाशी बसला, जेवायला लागला. रोज खायचा तसाच, मान खाली घालून, भराभर. श्रीपादरावांनी तोच घास इतक्या वेळा पाहिला होता की पुढचा कधी उचलणार हे त्यांना सांगता आलं असतं. शेवटी तो उठला आणि ताट तिथंच टाकून निघाला. अमेरिकेतल्याचीही हीच सवय. श्रीपादरावांनी ताटावर टिचकी मारून ते मोरीत पोचवलं.

"आता कुठं दाबायचं?"

तिनं दाखवलं. एक चौकट आली, इंग्रजीत दोन ओळी. श्रीपादरावांनी चष्मा सारखा केला आणि सहीच्या आधी कागद वाचावा तशा त्या दोन ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग दाबलं. चौकट गेली. घर होतं तसंच होतं. पट्टी हिरवी होती.

खोलीत उन्हं तिरपी व्हायला लागली होती. पडद्यावर अद्वयनं आळस दिला आणि आपलाआपण पलंगाकडे निघाला.

"बंद करू ना काका आता? तुमची एसटी निघेल. झालंय सेव्ह, आता काही होत नाही त्याला."

"हो, करू," श्रीपादराव म्हणाले, पण हात माउसवरून काढला नाही. "थांब जरा. झोप लागू दे त्याला."